जिन्यातलं पावणं

माझी नात एकोणीस वर्षांची आहे आणि रोज दुपारी माणसं मारते. फोनवर. कॉलेज सकाळचं असतं. घरी येते, जेवते आणि माझ्या खोलीत खिडकीपाशी येऊन बसते, कारण इंटरनेटचा डबा त्या भिंतीला ठोकलाय. मला विचारत नाही. मीही तिला हाकलत नाही. त्या वेळी मी तांदूळ निवडत असते, आणि तांदूळ निवडताना समोर काहीतरी मरत असलेलं बरं वाटतं.

खेळ असा आहे. चौघांची एक टोळी. अशा कितीतरी टोळ्या विमानातून एका बेटावर उड्या टाकतात. रिकाम्या घरांत शिरायचं, बंदुका गोळा करायच्या, दुसऱ्या टोळीतला दिसला की त्याला मारायचं. शेवटी उरेल ती टोळी जिंकली. मेलेले पुढच्या डावाला परत जिवंत. नातीच्या टोळीत ती एकटी मुलगी, बाकी तिघं मुलगे: एक पुण्याचा, एक नाशिकचा, एक लातूरकडचा. चौघांनी एकमेकांची तोंडं पाहिलेली नाहीत. पुण्याचा कॅप्टन. त्याला कॅप्टन कुणी केलं असं मी विचारलं तर नात म्हणाली, "त्यानंच."

सुरुवातीला मला वाटायचं, किती शांत खेळ आहे. पोरगी कानात बोंडं घालून गप्प बसलेली, फक्त दोन अंगठे चाललेत. मग एक दिवस मी गादी झटकली आणि तिच्या कानातलं एक बोंड उडून माझ्या पायाखाली आलं. चुकून. नात अजून चुकून मानत नाही. दुसऱ्या बोंडाचं एकट्याचं काही चालेना, म्हणून त्या दिवसापासून फोनचा आवाज खोलीत मोकळा सुटला, आणि कळलं की शांत कुणीच नव्हतं.

डाव सुरू होण्याआधी सगळ्या टोळ्या एका मैदानात उभ्या करतात. तिथं कुणीही बोललेलं सगळ्यांना ऐकू जातं. नात स्वतःशीच एवढंच पुटपुटली, "कोण कुठं उतरणार?" आवाजाचं बटण चुकून चालू होतं, ते मैदानात गेलं. झालं.

"अरे, पोरगी हाय रे हिच्यात."

"ए आक्का, भाकरी करपली बघ आत."

"हिला मी मारणार. हिच्यावर कुणी गोळी टाकायची नाही."

पुढचं मी लिहीत नाही. त्यातल्या निम्म्या शिव्या मला येतात, आणि उरलेल्या निम्म्यांवरून दिसत होतं की या पोरांना माणसाच्या शरीराची माहिती बेताचीच आहे.

नातीनं चेहरा न हलवता एक बटण दाबलं.

"उलट बोलत का न्हायस?" मी विचारलं.

"मी म्यूट हाय."

"मुकी?"

"मुकी न्हाय आजी. म्यूट. माझा आवाज बंद. कान चालू."

"म्हंजे सून," मी म्हणाले.

ती हसली नाही. खेळताना ती हसत नाही.

तोंड बंद ठेवूनही ती टोळीशी बोलायची, ते मी मग बघत बसायला लागले. पडद्यावर बोट टेकवलं की त्या जागी पिवळी खूण उमटते आणि बाकीच्या तिघांना दिसते. एक खूण म्हणजे तिकडं जाऊया. लाल खूण म्हणजे तिकडं कोणीतरी आहे. शिवाय बटणात भरून ठेवलेली वाक्यं आहेत. दाबलं की एक बाई गोड आवाजात म्हणते, शत्रू समोर आहे. मला औषध हवे आहे. त्या बाईला कुणी शिव्या देत नाही. ती खरी नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे.

हे सगळं बघून मला माझ्याच घरातली एक सतरा वर्षांची शहाणी आठवली. ती म्हणजे मी, पण आता तिच्याशी माझं फारसं सख्य उरलेलं नाही, म्हणून तिला ती म्हणते.

ती आजऱ्याकडून लग्न होऊन कसबा बावड्यात आली. सासऱ्यांसमोर सुनांनी बोलायचं नाही अशी पद्धत. मग खोकला. एक खोकला म्हणजे पान वाढलंय, दोन म्हणजे कोणीतरी दारात आलंय. बांगड्या वाजल्या की पाणी आणलंय. चिमटा आपटला की समजायचं, ही रागावलीय. सासरे एकदा म्हणाले, "धाकटीला कफ झालाय, काढा द्या." तर त्या शहाणीला आठवडाभर अडुळसा प्यावा लागला, आणि खोकला काही थांबवता येईना, कारण दारात लोक येतच होते.

पण तिचं खरं शस्त्र म्हणजे म्हैस. आमच्या घरात थोरली जाऊ होती. आहे अजून, मधली भिंत घातली आहे एवढंच. त्या दोघींचं पहिल्या महिन्यापासून वाकडं. कशावरून ते विचारू नका, मलाही आता धड सांगता येणार नाही. थोरलीला तोंडावर बोलायची हिंमत या शहाणीत नव्हती. म्हणून जाऊ अंगणात भांडी घासायला बसली की ही गोठ्यात जाऊन म्हशीला बोलायची.

"काय गं म्हशे, खाऊन खाऊन माजलीस. बूड मात्र हलाय नगं. दुसऱ्यानं राबायचं आनि तू रवंथ करत बसायचं."

आणि तिरक्या नजरेनं बघायची, लागलं का.

कैक वर्षं तिनं हे केलं. आपल्याइतकी तिखट जिभेची बाई पंचक्रोशीत नाही असं तिला वाटायचं. मग माझ्या मुलाच्या लग्नात जाऊ पाहुण्यांना कौतुकानं सांगताना मी ऐकलं, "हिचा म्हशीवर लई जीव. दिसभर बोलत बसायची तिच्यासंगट. माझ्या हातनं न्हाय बाई जनावराचं एवढं होत."

एकही टोमणा पोचला नव्हता. म्हैस मात्र माझ्याकडे अखेरपर्यंत संशयानं बघायची.

नातीला हे सांगितलं तर म्हणाली, "म्हंजे तू पण म्यूटच होतीस." तेवढ्यात तिच्या टोळीतला कोणीतरी मेला आणि तिनं माझ्याकडं पाठ केली.

आता तिची अडचण सांगते. महिनाअखेरीला एक मोठी स्पर्धा होती. चौघांनी आधीच्या फेऱ्या पार केल्या होत्या आणि त्यात नातीचा नेम सगळ्यात चांगला. हे मी आजी म्हणून सांगत नाही. डाव संपल्यावर पडद्यावर कुणी किती मारले ते येतं, मला वाचता येतं. ती जागा तिला हवी होती. कॉलेजचे निकालसुद्धा तिनं कधी इतक्या जिवावर घेतलेले मी पाहिले नाहीत. आणि कॅप्टननं सांगून टाकलं होतं.

"खुणा करून चालणार नाही. मी खुणा बघू की समोर बघू? तोंडानं सांग. शनिवारच्या प्रॅक्टिसला बोललीस तर तू, नाहीतर माझ्याकडे दुसरा तयार आहे."

"मग बोल की," मी म्हणाले.

"बोललेलं मी. मागं एकदा."

मग कळलं. परक्यांच्या शिव्यांचं तिला फारसं काही नव्हतं. परके बटणानं बंद करता येतात. ती म्यूट झाली होती ती आपल्याच टोळीपायी. पहिल्यांदा ती बोलली तेव्हा घाईत म्हणाली होती, "हिकडं दोगं हायती की." त्यावर ते तिघं इतके हसले की डाव हरले. नंतर महिनाभर, ती आली की कॅप्टन म्हणायचा, "आली का हायती की?" गोळी लागली की, "मेलो की." काही मिळालं की, "गावलं की." एकदा तर पिवळी खूण करून विचारलं, "हितं म्हस हाय का?"

"म्हस हुती म्हनावं," मी म्हणाले, "तुझ्यापरास शहानी."

"आजी, तू गप्प बस. तुझ्यामुळंच झालंय. तुझ्यापाशी वाढले म्हणून असं बोलते. मम्मी बघ कशी बोलते."

तिची आई बँकेत आहे. चांगलं बोलते. तांदळात खडा सापडला तो खिडकीबाहेर जरा जोरात टाकला.

त्या आठवड्यात नात शुद्ध बोलायचा सराव करायला लागली. आरशासमोर. "शत्रू डाव्या बाजूच्या इमारतीमध्ये आहे." "माझ्याजवळ गोळ्या कमी आहेत." मी दारातून ऐकायची. एवढं लांबलचक बोलेपर्यंत डाव्या बाजूच्या इमारतीतला शत्रू खाली उतरून, हिला मारून, चहा पिऊन गेला असता. आणि गुरुवारी एकदा तिनं ते खरंच खेळताना म्हटलं. आवाज चालू करून, अंग चोरून.

"मागूण येत आहेत. दोण जण."

मग कॅप्टन म्हणाला, "मागूण? दोण? हे नवीनच. हायती की बरं होतं यापेक्षा."

मी हसले. हसायला नको होतं हे तेव्हाही कळत होतं. पण मला हसू तिचं आलं नव्हतं, त्या आजऱ्याच्या शहाणीचं आलं होतं.

आमच्याकडं ण म्हणायची रीत नाही. पाणी ते पानी, कोण तो कोन. पावणंसुद्धा बोलताना पावनंच. लिहिताना मी लाज राखून ण घालते आहे. ती शहाणी सातवी पास होती आणि थोरली तिसरीतून उठलेली. म्हणून शहाणीला वाटायचं, आपण शुद्ध बोलून हिला खाली दाखवावं. एकदा घरी साखर कारखान्यातले एक साहेब जेवायला आले, मूळचे पुण्याचे. वाढायला शहाणी पुढं झाली. शुद्ध म्हणजे काय, तर जिथं न तिथं ण, एवढंच तिला उमगलं होतं.

"साहेब, मीठ कमी णाही णा? अजूण भात आणूण देऊ? मणात काही ठेवू णका."

साहेबांना ठसका लागला. नवऱ्यानं ताटात मान घातली. आणि दाराआडून थोरलीनं जे धरलं ते आजतागायत सोडलेलं नाही. तेव्हापासून ती मला णवरी म्हणते. मला आता गुडघे बदलायला सांगितलेत, दात सगळे बसवलेले आहेत, तरी भिंतीपलीकडून हाक येते, "णवरी, दही हाय का?"

हे नातीला तेव्हाच सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पण ती फोन घेऊन उठून गेली होती, आणि दार असं लावलं की भिंतीवरचं कॅलेंडर खाली आलं.

शनिवारी दुपारी ती परत माझ्याच खोलीत आली. डबा माझ्याच भिंतीला ना. माझ्याशी बोलली नाही. मी पण तांदळाचं ताट घेऊन बसले. उसाचं गाळप चालू होतं त्या दिवसांत. खिडकीतून मळीचा वास आणि कारखान्याची काजळी तांदळात. खिडकी लावली तर नात गुदमरते म्हणते, म्हणून उघडीच. भिंतीपलीकडं थोरलीची खिडकी. तीही उघडीच असते. गाळप असो नसो.

डाव सुरू झाला. चौघं एका दुमजली घरात शिरले. नात वरच्या मजल्यावर, जिन्याच्या तोंडाशी. बाकीचे आत कुठंतरी सामान गोळा करत होते. तिचा आवाज चालू होता, पण ती बोलत नव्हती. नुसता तिचा श्वास तिकडं जात असणार.

"आहेस का?" कॅप्टन म्हणाला. "बोलायचंय आज. लक्षात आहे ना?"

"हो," ती म्हणाली. शुद्ध.

तेवढ्यात मला पडद्यावर कोपऱ्यात दोघं दिसले, कुंपणावरून उडी मारून आत येणारे. आमच्याकडं अनोळखी माणूस म्हणजे पावणं. मग तो रस्ता विचारायला आलेला असो की विम्याचा माणूस. मी इतके दिवस बघताना मनात त्यांना तेच म्हणत आले होते. ते तोंडातून निघालं.

"पावणं आलं बघ."

आणि नात, जी माझ्याशी बोलत नव्हती, तिच्या तोंडातून ते तसंच्या तसं पुढं गेलं.

"पावणं आलं. दोगं हायती. जिन्यानं वर येत्यात. मागल्या दारात आनि एक हुभा हाय."

एका दमात. शेतात या बांधावरून त्या बांधाला सांगावं तशी. तिनं दोघांना जिन्यातच आडवं केलं आणि नाशिकच्या मुलानं मागल्या दारातल्याला.

"कोण पाहुणे?" कॅप्टन म्हणाला. "घरी पाहुणे आलेत का तुझ्या?"

"कळलं मला," लातूरकडचा मुलगा म्हणाला. तो एरवी बोलायचाच नाही. "पावणं म्हंजे हे. मेलेले."

"मग शत्रू म्हण ना सरळ."

"शत्रू म्हनंस्तवर मरतोस तू," नात म्हणाली.

मी ताट खाली ठेवलं. त्या पोरीचा आवाज मला माहीत होता, लहानपणी उसात हाका मारायची तेव्हाचा. पण गेल्या वर्षभरात तो मी ऐकला नव्हता.

पुढं अर्धा तास तिनं टोळी हाकली. "पावणं झाडाखाली हाय." "पावणं झोपलंय, हलू नगंस." "चार पावणं गाडीतनं आलं, उतरू देत, मग बघू." मुलं तिचं ऐकायला लागली होती. कॅप्टन कुरकुरत का होईना, ती सांगेल तिकडं वळत होता. शेवटी दोनच टोळ्या उरल्या. हे चौघं आणि समोरच्या घरात ते. आमचा एक गडी पलीकडच्या खिडकीत. नात परत जिन्यावर.

"दोगं जिन्यात हायती," ती म्हणाली, हळू. "थांबा. येऊ देत वर."

त्याच वेळी माझ्या खोलीचं दार उघडलं आणि थोरली आत आली.

इरकल नेसून. तोंडाला पावडर. डोक्यावर पदर. दारात उभी राहून तिनं खोलीत चारी बाजूंना बघितलं, कॉटखालीसुद्धा.

"कुठं हायती?"

"कोन?" मी म्हणाले.

"मला येडी समजतीस व्हय? अर्धा तास ऐकाय लागलेय मी खिडकीतनं. पावणं आलं, पावणं आलं. दोगं आलं, चार आलं. पोरगी दाखवाय काढलीस आनि सख्ख्या जावंला सांगाय तुझी जीभ झडली?"

"थोरली आजी, गप," नात दातांतून म्हणाली. आवाज चालूच होता.

"आता पोरगी बी मला गप म्हनती. शिकीवलंय चांगलं. आनि पावण्यास्नी जिन्यात का हुभं केलंय? ह्यो काय मान झाला? आत घ्या, पाटावर बसवा, पोहं करा. का तुमच्यात आता जिन्यातच ठरीवत्यात?"

फोनमधून पहिल्यांदा लातूरचा मुलगा फुटला. मग नाशिकचा. मग कॅप्टन. तो तर असा हसत होता की त्याच्या माइकमधून नुसती फरफर येत होती. कुणाचंच लक्ष उरलं नाही. जिन्यातले दोघं वर आले आणि त्यांनी पहिल्यांदा नातीला मारलं, मग एकेकाला. पडद्यावर काळं आलं.

"लग्न लागतंय हिचं," कॅप्टन हसता हसता म्हणाला. "अरे, मुलगी बघायला जिन्यात बसलेत."

थोरलीनं फोनकडं बघितलं. वाकून, एक कान पुढं करून.

"ह्यो कोन बोलतोय? पोरगा का?"

"आक्का, चला तुमी," मी म्हणाले.

"थांब की. ह्योच हाय व्हय?" तिनं फोन नातीच्या हातातून घेतला. नात इतकी बधिर झाली होती की तिनं दिला. "काय रं, तू का? हसतुयास कुनाला? आमी थोरली मानसं बोलताना दात काढतुयास, तुझ्या आईनं काय शिकीवलंय तुला?" मग माझ्याकडं वळून, फोनसमोरच, "मला न्हाय पसंत. आवाज चिरका हाय. आनि मोठ्यांचा मान न्हाय. सांगा त्येला, कळवतो म्हनून."

हसणं थांबलं. मग कॅप्टन बोलला, आणि त्याचा आवाज, थोरली म्हणते ते खरं होतं, जरा चिरकाच होता.

"काढतोय तुला टीममधून. तू, तुझ्या आज्या, सगळे मिळून पोहे करा."

आणि तिचं नाव चौघांतून गेलं. डोळ्यांदेखत, दिवा मालवावा तसं.

नात काय म्हणाली ते सांगायचं तर, तिनं पहिल्यांदा थोरलीला सांगितलं की तू आयुष्यात परत या घरात पाऊल टाकू नको. मग मला, की माझं बोंड तू मुद्दाम मोडलंस, माझ्यावर तू हसलीस, आणि आता तू तोंड उघडलंस म्हणून हे झालं. हे तिन्ही खरं होतं. थोरली म्हणाली, "एवढं कशाला चिडतीस, दुसरी ठिकानं येतील." त्यावर नात रडली नाही, ती तसलं करत नाही. तिनं फोन गादीवर फेकला. गादीवर, म्हणजे तेवढी शुद्ध होती.

थोरली दारातून जाताना मला म्हणाली, "णवरे, तुझ्यात पद्धत म्हनून कदीच नव्हती."

पुढचे दिवस घरात नुसत्या खुणा. नात माझ्याशी बोलेना. चहा हवा असला की कप ओट्यावर आपटायची. पंखा बंद करायचा असला की पंख्याकडं बघून सुस्कारा. मी समोर असले की फ्रिजचं दार उघडून फ्रिजला सांगायची, "काही माणसांना दुसऱ्याचं वाटोळं केल्याशिवाय करमत नाही." फ्रिज बिचारा दिवा लावून ऐकायचा.

माझी सगळी जुनी हत्यारं. मला ती एकेक ओळखू येत होती, कुठल्या बाजूनं बोथट आहेत तेसुद्धा.

स्पर्धा पुढच्या आठवड्यात रविवारी झाली. तिच्या जागी दुसरा घेऊन ते तिघं खेळले. नात ती फोनवर बघत बसली, खेळणाऱ्यांचं बोलणंसुद्धा त्यात ऐकू येत होतं. तिघं पुढच्या फेरीत गेले. त्यांच्यातला लातूरकडचा मुलगा एका ठिकाणी म्हणाला, "पावणं आलं, डावीकडनं." आणि ते ऐकून कॅप्टन वळला आणि त्यानं मारला. माझ्या खोलीतला शब्द, माझ्या नातीला हाकलून, तिकडं कामाला लावलेला.

नात उठली. फ्रिजपाशी गेली. दार उघडलं.

"फ्रिजला सांगू नगंस," मी म्हणाले. "मी म्हशीला सांगून बघितलंय. म्हशीला समदं कळतंय. जिला कळाय पायजे तिला काय बी कळत न्हाय."

"मग कुणाला सांगू? त्यानं मला ब्लॉक केलंय. त्याला माझा आवाजच जात न्हाय."

"त्या मैदानात जातोय की. समद्यांस्नी जातोय तिथं. तूच म्हनालीस."

"तिथं शिव्या देत्यात."

"देऊ देत. शिव्या ऐकून तुझं काय झिजलं? तू गप्प बसलीस त्यांच्यापायी न्हाय, ह्यो हसल म्हून. ह्यो आता हसून हसून काय करनार, काढलंय त्यानं तुला."

तिनं फ्रिजचं दार लावलं. सलोखा झाला असं समजू नका. मला अजून माफी मिळालेली नाही, आणि मी मागितलेलीही नाही. तिनं नवीन बोंडं घेतली आणि ती माझ्या हाताला लागणार नाहीत अशी कपाटावर ठेवते.

कॉलेजातल्या तिघी जमवून तिनं आपली टोळी केली. एक राधानगरीची आहे, तिला इतक्या लांबून ओरडायची सवय आहे की फोनची गरज नाही. त्यांच्यात म्यूट कोणी नाही. बोंडं असूनही माझ्या खोलीत दुपारी आता आठवड्याचा बाजार भरतो. शत्रूला पावणं, औषधाला चा, गोळ्यांना शेंगा. दुसऱ्या टोळ्यांतली पोरं मैदानात अजूनही भाकरीचं काढतात. त्यावर राधानगरीची जे उत्तर देते ते मी लिहीत नाही. तिला शरीराची माहिती चांगली आहे.

मग गेल्या महिन्यात एके दुपारी तो कॅप्टन सापडला. नातीनं आवाजावरून नाही, डोक्यावर लिहिलेल्या नावावरून ओळखला. बेटावर, एका पडक्या घरात, एकटा. बाकीचे त्याचे मेले असावेत. तो जिन्याच्या तळाशी लपला होता आणि नात वर होती. या वेळी जिन्यातलं पावणं तो.

तिनं बंदूक रोखली आणि मारली नाही. कानातली बोंडं काढून ठेवली, आवाज खोलीत मोकळा सोडला, आणि आसपासच्या सगळ्यांना ऐकू जातं ते बटण दाबलं.

"या पावणं," ती म्हणाली. "जिन्यात का हुभं?"

खाली हालचाल थांबली. त्यानं आवाज ओळखला, हे मला त्या थांबण्यावरून कळलं.

"हायती की?" तो म्हणाला. पण आवाज खालून वर चढताना मधेच फाटला. चिरका.

"हाय की," नात म्हणाली, आणि मारला.

थोरलीची खिडकी उघडीच होती.

"णवरी," तिकडून हाक आली. "कोन आलंय गं?"

"आलतं," मी म्हणाले. "गेलं."

"चा तरी दिलासा का?"

"न्हाय. हुभ्या हुभ्याच गेलं."